संगणकाची वीजपेटी : बिघाड ओळखावा कसा ?

घरी संगणक असणे ही आता चैनीची बाब राहिलेली नाही. वाशी, नेरूळ, कोपरखैरणे, घणसोली, ऐरोली अशा नवी मुंबईच्या कोणत्याही भागातील दोन खोल्यांच्या घरात डोकावले तरी कोपऱ्यातल्या टेबलावर संगणक मांडलेला दिसतो. कोणी तो नवा घेतलेला असतो, तर पुष्कळांनी कार्यालयातून निघालेला व ठीकठाक करून विकला जाणारा जुना संगणक हौसेने आणि काटकसरीने घरी आणलेला असतो. मुलांचा अभ्यास, महाडीबीटीवरील शिष्यवृत्तीचे अर्ज, स्पर्धा परीक्षांचे फॉर्म, शासनाच्या संगणक टंकलेखन परीक्षेचा सराव हे सारे त्यावरच चालते. असा संगणक अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी अचानक बंद पडला तर घरातल्यांच्या तोंडचे पाणी पळते. मग तो उचलून दुकानात न्यावा लागतो, आणि तेथे जे सांगितले जाईल ते मान्य करण्यावाचून गत्यंतर नसते.

वास्तविक बंद पडलेल्या संगणकाचा दोष पुष्कळदा त्याच्या महागड्या भागात नसून त्याला वीज पुरविणाऱ्या पेटीत, म्हणजेच एसएमपीएसमध्ये असतो. ही पेटी संगणकातील स्वस्त भागांपैकी एक आहे. परंतु ती बिघडली की मदरबोर्ड, हार्ड डिस्क, रॅम हे सारेच बिघडल्यासारखे वागू लागतात. त्यामुळे निदान चुकते आणि नको तो भाग बदलला जातो. हे निदान सर्वसामान्य माणसाला, विशेषतः आपल्या विद्यार्थ्यांना, घरच्या घरी कसे करता येईल याची माहिती या लेखात देण्याचे आम्ही योजिले आहे.

आम्ही अभियंते नव्हेत. कला शाखेची पदवी घेऊन बँकेत लिपिकाचे काम करणारी आम्ही माणसे. परंतु दिवसअखेर रोकड जुळली नाही तर काय करायचे हे बँकेतल्या माणसाला चांगले ठाऊक असते. तो घाबरून साऱ्या वह्या उलथ्यापालथ्या करीत नाही. आधी आरंभीची शिल्लक तपासतो, मग एकेक बाजू पडताळून जी जुळली ती बाजूला ठेवतो. फरक शेवटी उरलेल्या जागी सापडतो. संगणकाचा बिघाड शोधण्याची रीत याहून वेगळी नाही.

एसएमपीएस म्हणजे काय ?

आपल्या घरी येणारी वीज २३० व्होल्टची, सेकंदाला ५० आवर्तने करीत दिशा बदलत राहणारी असते. संगणकाच्या नाजूक भागांना मात्र एकाच दिशेने वाहणारी, अगदी कमी दाबाची वीज लागते. हे रूपांतर करणारी पेटी म्हणजे एसएमपीएस. कॅबिनेटच्या मागच्या बाजूस जेथे जाड वायर खोचतो आणि जेथे एक पंखा दिसतो, तीच ही पेटी.

ही पेटी आलेल्या विजेची आधी सुमारे ३२५ व्होल्टची एकदिश वीज करते. मग ती सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून नेते आणि शेवटी १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या वेगवेगळ्या वाटा तयार करते. १२ व्होल्टवर प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, हार्ड डिस्कची मोटर आणि पंखे चालतात. ५ आणि ३.३ व्होल्टवर इतर मंडले चालतात. १९९५ साली इंटेल कंपनीने एटीएक्स नावाची रचना आणली. त्या रचनेत वायरींचे रंग ठरलेले आहेत, ते असे :

पिवळी — १२ व्होल्ट
लाल — ५ व्होल्ट
नारिंगी — ३.३ व्होल्ट
काळी — शून्य, म्हणजे परतीची वाट
निळी — उणे १२ व्होल्ट
जांभळी — संगणक बंद असतानाही मिळणारे ५ व्होल्ट
हिरवी — “चालू हो” असा हुकूम मदरबोर्डकडून पेटीकडे नेणारी
करडी — “वीज ठीक आहे” असा निरोप पेटीकडून मदरबोर्डला देणारी

यातील शेवटच्या तीन वायरी फार महत्त्वाच्या आहेत. भिंतीवरचे बटण दाबताच, संगणक सुरू केलेला नसला तरी, जांभळ्या वायरीत ५ व्होल्ट आले पाहिजेत. आपण कॅबिनेटचे बटण दाबले की मदरबोर्ड हिरवी वायर शून्यावर ओढतो. हा इशारा मिळताच पेटी सर्व वाटा सुरू करते. दाब योग्य पातळीवर स्थिर झाल्यावर, साधारण एक दशांश ते अर्ध्या सेकंदात, करड्या वायरीने निरोप जातो आणि मगच प्रोसेसर कामाला लागतो. म्हणजे एवढ्या क्षणात तीन पायऱ्या पार पडतात. कोणत्या पायरीवर गाडी अडली हे कळले की निदान निम्म्याहून अधिक झाले असे समजावे.

आधी जीव, मग संगणक

पुढील सूचना प्रत्येकाने लक्षपूर्वक वाचाव्यात.

१) एसएमपीएसची पेटी कधीही उघडू नये. तिच्यातील मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टहून अधिक दाब साठलेला असतो आणि वायर काढल्यावरही तो काही काळ राहू शकतो. पेटीबाहेर येणारी १२ व्होल्टची वीज अंगाला झटका देत नाही, परंतु आतली वीज प्राण घेऊ शकते.
२) कोणताही जोड काढण्यापूर्वी वा लावण्यापूर्वी भिंतीवरचे बटण बंद करून वायर काढून ठेवावी.
३) हात कोरडे असावेत, पायात रबरी चप्पल असावी. लहान विद्यार्थ्यांनी हे काम घरातील मोठ्या माणसासमोरच करावे.
४) पेटीतून धूर, जळका वास किंवा ठिणगी आली असल्यास “पुन्हा एकदा लावून पाहू” हा मोह टाळावा. अशी पेटी सरळ बदलावी.

आजाऱ्याची लक्षणे

पेटी क्वचितच एकाएकी मरते. बहुधा ती आधी कुरकुरते. पुढील लक्षणे दिसू लागली की लक्ष द्यावे.

बटण दाबल्यावर काहीच घडत नाही, पण पाच-दहा वेळा दाबल्यावर एकदाचा संगणक सुरू होतो. सकाळी पहिल्यांदा सुरू व्हायला त्रास देतो, एकदा गरम झाला की दिवसभर चालतो. पंखा अर्धा फेरा घेऊन थांबतो. काम हलके असते तोवर ठीक, पण चित्रफीत किंवा जड प्रोग्रॅम सुरू केला की संगणक स्वतःच बंद होऊन पुन्हा सुरू होतो. पेनड्राइव्ह लावताच बंद पडतो. हार्ड डिस्कमधून टक् टक् आवाज येतो व ती मधूनच दिसेनाशी होते. पेटीजवळ शिट्टीसारखा बारीक आवाज किंवा करपट वास येतो.

मात्र यातील कोणतेही एक लक्षण म्हणजे पुरावा नव्हे. ताप आला म्हणजे मलेरियाच असे जसे नसते, तसेच हे आहे. म्हणून पुढील तपासणी क्रमाने करावी, पायरी गाळू नये.

क्रमाने तपासणी

पहिली पायरी, भिंतीपासून सुरुवात. ज्या सॉकेटमध्ये संगणक लावतो त्यात टेबललॅम्प किंवा मोबाइलचा चार्जर लावून पाहावा. मग स्पाइक गार्ड, एक्स्टेन्शन बोर्ड व यूपीएस वगळून संगणकाची वायर थेट भिंतीतील चांगल्या सॉकेटमध्ये लावावी. यूपीएसची बॅटरी संपलेली असली तर वीज जाताच संगणक बंद पडतो आणि दोष उगाच पेटीच्या माथी येतो. नंतर वायर बदलून पाहावी. मॉनिटरची वायर बहुधा त्याच जातीची असते, तीच काढून लावता येते.

दुसरी पायरी, पेटीची बटणे. पेटीच्या मागे एक छोटे बटण असते, ते साफसफाई करताना अनवधानाने बंद झालेले असू शकते. जुन्या पेट्यांवर आणखी एक लाल सरकते बटण असते, त्यावर ११५ आणि २३० असे आकडे असतात. आपल्या देशात ते २३० वरच असले पाहिजे. ते ११५ वर सरकवून वीज सोडली तर पेटी त्याच क्षणी जळते. लहान मुलांच्या हाती ते लागू नये म्हणून त्यावर चिकटपट्टी लावून ठेवणे उत्तम.

तिसरी पायरी, कॅबिनेटचे बटण. समोरचे बटण वर्षानुवर्षे दाबून खराब होते. त्याच्या दोन बारीक वायरी मदरबोर्डच्या कोपऱ्यात दोन पिनांवर बसवलेल्या असतात. मदरबोर्डच्या पुस्तिकेत किंवा बोर्डावरच ती जागा छापलेली असते. तो जोड काढून त्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर एकमेकींना जोडाव्यात. संगणक सुरू झाला तर दोष केवळ बटणाचा, आणि खर्च नगण्य. ही तपासणी वीज चालू ठेवून करावी लागते. येथील दाब पाच व्होल्टच्या आतला असतो, पण शेजारच्या पिनांना धक्का लागू देऊ नये.

चौथी पायरी, ओझे कमी करणे. वीज काढून हार्ड डिस्क, डीव्हीडी ड्राइव्ह, वेगळे ग्राफिक्स कार्ड असल्यास ते, तसेच पेनड्राइव्ह, प्रिंटर, वेबकॅम असे सारे जोड काढावेत. मदरबोर्ड, प्रोसेसर, त्याचा पंखा आणि रॅमची एक पट्टी एवढेच ठेवावे. आता पंखे नीट फिरू लागले तर एकेक भाग परत जोडत जावे, प्रत्येक वेळी आधी वीज काढून. ज्या भागानंतर संगणक पुन्हा बसेल, तो भाग शॉर्ट असण्याचा संभव. चांगली पेटी शॉर्ट दिसताच स्वतःहून बंद होते. तो तिचा दोष नसून गुण आहे. पंखा अर्धा फेरा घेऊन थांबतो तेव्हा पुष्कळदा हेच घडत असते.

पाचवी पायरी, पेटी स्वतंत्र चालवून पाहणे. वीज काढून पेटीचे सर्व जोड संगणकातून सोडवावेत. मोठ्या २४ पिनांच्या जोडातील हिरवी वायर आणि तिच्या शेजारची काळी वायर या दोन छिद्रांत कागदाला लावतो तशी पिन वाकवून खोचावी. मग पिनेला हात न लावता भिंतीवरचे बटण सुरू करावे. पंखा फिरला तर पेटी अगदीच मेलेली नाही एवढे कळते. ती निरोगी आहे असे मात्र यावरून म्हणता येत नाही, कारण तिच्यावर भार काहीच नाही. रिकामी बस घाट चढली म्हणजे भरलेलीही चढेल असे नव्हे. शिवाय काही चांगल्या पेट्यांचा पंखा भार नसताना फिरतच नाही. त्यामुळे पंखा फिरला नाही म्हणून लगेच निकाल देऊ नये. नव्या काही पेट्यांच्या सर्वच वायरी काळ्या असतात. अशा वेळी पुस्तिकेतील आकृती पाहिल्याखेरीज पिन खोचू नये, अंदाजाने तर मुळीच नाही.

मीटरने पक्के निदान

बाजारात काही शे रुपयांत साधा डिजिटल मल्टिमीटर मिळतो. तो एकदा घेतला की वर्षानुवर्षे कामास येतो. चार घरांनी मिळून एक घेतला तरी चालेल. मीटर एकदिश विजेच्या २० व्होल्टच्या पट्टीवर ठेवावा. काळा टोकदार दांडा कोणत्याही काळ्या वायरीच्या छिद्रात आणि लाल दांडा तपासायच्या वायरीच्या जोडात मागच्या बाजूने अलगद घालावा. दोन छिद्रांत एकच दांडा जाऊ देऊ नये. पेटीतील २३० व्होल्टची बाजू विद्यार्थ्यांनी मुळीच मोजू नये.

आता सर्व जोड पूर्ववत लावून, संगणक बंद पण भिंतीवरचे बटण चालू, अशा स्थितीत पुढील नोंदी घ्याव्यात.

अ) जांभळी वायर. येथे सुमारे ५ व्होल्ट हवेत. काहीच नसेल, आणि पेटी संगणकातून सोडवल्यावरही काहीच नसेल, तर पेटी गेली. पुढे पाहण्याची गरज नाही.
ब) हिरवी वायर. संगणक बंद असताना येथे ५ व्होल्टच्या आतबाहेर दाब दिसतो. बटण दाबताच तो शून्याजवळ आला पाहिजे. आला नाही, तर बटण किंवा मदरबोर्ड दोषी. पेटीला हुकूमच मिळालेला नाही, तेव्हा तिला दोष देऊ नये.
क) हिरवी शून्यावर आली, तरी पिवळ्या व लाल वायरीत दाब येत नाही. असे झाल्यास दोष पेटीत आहे किंवा पुढे शॉर्ट आहे. चौथ्या पायरीप्रमाणे ओझे कमी करून पुन्हा पाहावे.
ड) पिवळी, लाल, नारिंगी तिन्ही ठीक, पण करड्या वायरीत दाब येत नाही. तर पेटी स्वतःच “मी तयार नाही” असे सांगते आहे. ती बदलावी.

संगणक सुरू होत असेल व मधूनच बंद पडत असेल, तर दाब चालू स्थितीत मोजावा. मान्य मर्यादा वरखाली पाच टक्क्यांची आहे. म्हणजे १२ व्होल्टची वाट ११.४० ते १२.६०, ५ व्होल्टची वाट ४.७५ ते ५.२५ आणि ३.३ व्होल्टची वाट ३.१४ ते ३.४६ या दरम्यान असावी. आधी हलके काम चालू असताना आकडा लिहून ठेवावा. मग चित्रफीत, जड प्रोग्रॅम, फाइलींची नक्कल असे सारे एकदम चालवून पुन्हा आकडा घ्यावा. १२.१ चा ११.९ झाला तर काळजीचे कारण नाही. ११.३ किंवा त्याहून खाली घसरला, किंवा वेळ जाईल तसा घसरतच राहिला, तर पेटी थकली असे निश्चित समजावे. बायोसमध्येही हे आकडे दिसतात, पण ते नेहमीच अचूक नसतात आणि त्या वेळी भारही थोडाच असतो. त्यामुळे मीटरचा आकडाच प्रमाण मानावा.

शेवटची व सर्वांत खात्रीची परीक्षा म्हणजे अदलाबदल. शेजारच्या वा मित्राच्या संगणकातील चांगली पेटी आणून लावावी व दोन-तीन तास जड काम करून पाहावे. मात्र एक सावधगिरी बाळगावी. कार्यालयातून निघालेल्या नामांकित कंपन्यांच्या जुन्या संगणकांत पुष्कळदा त्या कंपनीची खास रचना असते. जोड ६ किंवा ८ पिनांचा असतो, तर काही फार जुन्या यंत्रांत जोड सारखाच दिसतो पण आतल्या वायरींचा क्रम वेगळा असतो. तेथे साधी पेटी लावल्यास मदरबोर्ड जळू शकतो. पेटीवरील क्रमांक पाहून तशीच पेटी मागवावी.

फसवी लक्षणे

काही दुखणी पेटीची वाटतात, पण नसतात.

संगणक दहा-पंधरा मिनिटांनी बंद पडतो, थोडा थांबून लावला की पुन्हा तेवढाच वेळ चालतो. येथे प्रोसेसर तापत असण्याचा संभव अधिक. त्याच्या पंख्याखालची धूळ मऊ ब्रशने काढावी.

पंखे सुरू होतात, पण पडदा काळाच राहतो आणि बीप बीप आवाज येतो. हे बहुधा रॅमचे दुखणे. पट्टी काढून तिचे सोनेरी टोक खोडरबराने हलके पुसून पुन्हा घट्ट बसवावी.

तारीख आणि वेळ दर वेळी मागे जाते. हा मदरबोर्डवरील नाण्याएवढ्या ३ व्होल्टच्या सेलचा दोष. थोड्या रुपयांत काम भागते.

विंडोजच्या नोंदवहीत “कर्नल पॉवर ४१” अशी नोंद दिसते. पुष्कळजण ती वाचून पेटी बदलतात. त्या नोंदीचा अर्थ इतकाच की संगणक रीतसर बंद न होता बंद पडला. का पडला हे ती सांगत नाही.

कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात, टेस्टर लावला तर दिवा लागतो. हे पेटी बिघडल्याचे नव्हे, तर घरातले अर्थिंग तुटल्याचे लक्षण आहे. पेटीत येणारी विजेची खरखर गाळण्यासाठी छोटे कपॅसिटर कॅबिनेटला जोडलेले असतात. अर्थिंग नसले की त्यांच्यातून साधारण निम्मा दाब पत्र्यावर दिसतो. प्रवाह अगदी थोडा असतो, पण खरोखरच एखादी वायर पत्र्याला लागली तर वाचविणारे कोणी उरत नाही. अशा घरी आधी परवानाधारक वायरमनकडून अर्थिंग दुरुस्त करून घ्यावे. तीन पिनांची वायर दोन पिनांच्या जोडात लावण्याची सवय सोडावी.

एक उदाहरण

नेरूळ येथे आमच्या परिचयाच्या एका कुटुंबात मुलगी बारावीनंतर हिशेबाचा अभ्यासक्रम करीत होती. पावसाळ्यात तिचा संगणक अर्ध्या-अर्ध्या तासाने बंद पडू लागला. दुरुस्ती करणाऱ्याने मदरबोर्ड गेल्याचे सांगून आठ हजारांचा अंदाज दिला. वडील कंत्राटी कामगार. तेवढ्या पैशात मुलीचे शुल्क भरावे की संगणक दुरुस्त करावा असा प्रश्न घरात पडला, आणि मुलीने अभ्यासक्रमच सोडण्याची तयारी दाखवली.

आम्ही एका रविवारी मीटर घेऊन गेलो. जांभळ्या वायरीत ५.१ व्होल्ट, म्हणजे पहिली पायरी ठीक. हिरवी बटणासरशी शून्यावर येत होती, म्हणजे मदरबोर्डचा हुकूम पोहोचत होता. सुरू होताच पिवळीत ११.८ व्होल्ट दिसले. काम वाढवले तसे ११.५, आणि वीस मिनिटांनी ११.१. तेवढ्यात संगणक बंद पडला. प्रोसेसरचा पंखा स्वच्छ होता, त्यामुळे तापण्याची शंका उरली नाही. मग शेजारच्यांची पेटी मागून लावली. दिवसभर चालवूनही संगणक एकदाही थांबला नाही. नवी पेटी दोन हजारांच्या आत मिळाली, शुल्क वेळेवर भरले गेले. यात कोणाची लबाडीच होती असे आमचे म्हणणे नाही. घाईत, मोजमाप न करता दिलेले निदान असेच असते. म्हणून दुकानात गेल्यावर “१२ व्होल्टची वाट भारावर किती आली ?” एवढा एक प्रश्न विचारावा. समोरचा माणूस मीटर बाहेर काढील.

पेटी का बिघडते ?

पेटीचा मुख्य शत्रू उष्णता. तिच्यातील इलेक्ट्रोलाइट भरलेले कपॅसिटर तापमान दहा अंशांनी वाढले की साधारण निम्मे आयुष्य जगतात, असा ठोकताळा आहे. सुमारे १९९९ ते २००७ या काळात तर निकृष्ट इलेक्ट्रोलाइटचे कपॅसिटर जगभर पसरले आणि असंख्य मदरबोर्ड व पेट्या अकाली फुगून निकामी झाल्या. आजही स्वस्तातल्या पेटीत पहिला बळी कपॅसिटरचाच जातो. संगणक भिंतीला चिकटवून, वर कपड्यांचा ढीग ठेवून चालविल्यास हे आयुष्य आणखी घटते.

दुसरा शत्रू दमट हवा. नवी मुंबई खाडीकाठी वसलेली. पावसाळ्यात भिंतींना ओल येते, आणि पेटीत साचलेली धूळ त्या ओलीने विजेला वाट करून देते. मागच्या जाळीतून झुरळे व पाली आत शिरतात, त्याही शॉर्ट करतात. महिना महिना बंद ठेवलेला संगणक पावसाळ्यात हमखास दगा देतो. त्यापेक्षा दोन-तीन दिवसांआड अर्धा तास चालवावा. मागचा पंखा दर तीन-चार महिन्यांनी, वीज काढून, ब्रशने साफ करावा.

तिसरा शत्रू विजेचे येणेजाणे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज एकदम गेली होती हे पुष्कळांना आठवत असेल. मुलांचे वर्ग त्या काळात घरूनच चालत होते, आणि मुंबई विद्यापीठाला त्या दिवशीच्या परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. अशा वेळी वीज जाण्यापेक्षा ती परत येतानाचा क्षण पेटीला अधिक घातक असतो, कारण त्या क्षणी दाब उसळतो. चांगली पेटी १८० ते २६४ व्होल्टपर्यंत निभावून नेते. परंतु इमारतीची न्यूट्रल वायर सैल झाली, तर काही घरांत दाब चारशे व्होल्टकडे जाऊ शकतो. एका घरात दिवे अति प्रखर आणि दुसऱ्या घरात मंद दिसू लागले की सर्व उपकरणे तत्काळ बंद करून महावितरणला व सोसायटीच्या वायरमनला कळवावे. वीज गेल्यावर संगणकाचे भिंतीवरचे बटण बंद करावे आणि वीज आल्यानंतर पाच मिनिटांनी सुरू करावे. ही सवय फुकट आहे, पण मोलाची आहे.

नवी पेटी घेताना

पेटीवर मोठ्या अक्षरांत छापलेल्या वॉटच्या आकड्यावर भुलू नये. लेबलावरील तक्त्यात १२ व्होल्टच्या खाली किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहावे आणि १२ ने गुणावे. समजा “४५० वॉट” अशी जाहिरात आहे आणि १२ व्होल्टखाली १४ अँपिअर लिहिले आहेत. तर १२ गुणिले १४ म्हणजे १६८ वॉट. आजचा संगणक बहुतेक वीज याच वाटेने घेतो, तेव्हा पेटीची खरी ताकद एवढीच. दुसऱ्या पेटीवर ३२ अँपिअर असतील, तर ती ३८४ वॉट देईल, मग तिच्यावर मोठा आकडा कमी छापलेला का असेना.

विद्यार्थ्याच्या साध्या संगणकात ६५ वॉटचा प्रोसेसर, वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही, एक हार्ड डिस्क, दोन पंखे, एवढाच संसार असतो. तो जोरात चालला तरी सर्वसाधारणपणे दीडशे वॉटच्या आत राहतो. त्याला ३५० ते ४५० वॉटची, पण खरीखुरी, पेटी पुरते. २००४ पासून चालत आलेली “८० प्लस” ही खूण असल्यास उत्तम. तिचा अर्थ असा की ठरावीक भारावर पेटी किमान ८० टक्के वीज कामी लावते, उरलेलीच उष्णतेत जाते. ग्रँट रोड स्थानकाजवळचा लॅमिंग्टन रोड, ज्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, हा अशा सुट्या भागांचा जुना बाजार. तेथे जा वा जवळच्या दुकानात, पावती आणि हमीपत्र घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

मोडकी पेटी कचऱ्यात टाकू नये. तिच्यात शिसे व इतर घातक द्रव्ये असू शकतात, आणि उघड्यावर तांब्यासाठी ती जाळणाऱ्यांच्या फुप्फुसात तो धूर जातो. हे काम करणारी माणसे गरिबांतली गरीब असतात याचा विसर पडू नये. ई-कचरा व्यवस्थापनाचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले आहेत. अधिकृत संकलन केंद्राकडे किंवा मोहिमेत ती द्यावी.

समारोप

थोडक्यात सांगायचे तर क्रम लक्षात ठेवावा : भिंत, वायर, बटण, ओझे, मीटर आणि शेवटी अदलाबदल. या क्रमाने गेल्यास पदवी कोणत्या शाखेची आहे याने काही अडत नाही. विद्यार्थी मित्रांनो, प्रत्येक नोंद तारखेसह वहीत लिहून ठेवा. दुकानात जाताना ती वही सोबत न्या. ज्याच्या हाती आकडे असतात त्याला कोणी सहजासहजी फसवू शकत नाही, आणि प्रामाणिक कारागिराचे कामही त्या आकड्यांनी सोपे होते. प्रत्येक वस्तीत मीटर वापरता येणारी दोन मुले-मुली तयार झाली, तर कित्येक घरांचे पैसे व अभ्यासाचे दिवस वाचतील. या लेखामुळे एका जरी घरचा संगणक अकारण भंगारात जाण्यापासून वाचला, तर आमच्या लिहिण्याचे सार्थक झाले असे आम्ही समजू.